कुठला स्पार्क प्लग चांगला? एका साध्या प्रश्नाचा इतिहास



मागच्या महिन्यात गाडी ट्यून-अपला दिली होती. मेकॅनिक काकांनी काळा पडलेला प्लग काढून दाखवला आणि विचारलं, "कंपनीचाच टाकू, का दुसरा चालेल?" मी पटकन म्हणालो, "कंपनीचाच टाका, काका." घरी येताना मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. एम.एस्सी. फिजिक्स झालंय, पीएच.डी. तंत्रज्ञानाच्या इतिहासात चालू आहे, आणि हे उत्तर मी कशाच्या आधारावर दिलं? अभ्यासाच्या की सवयीच्या? तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहिताय, म्हणून हा किडा तुमच्याही डोक्यात सोडतोय.

आधी नावाची गंमत बघा. आल्बेर शाम्पियाँ हा फ्रेंच सायकलपटू. १८९९ ची पॅरिस–रूबे शर्यत त्याने जिंकली होती. पुढे तो अमेरिकेत गेला आणि १९०५ मध्ये बोस्टनला स्ट्रॅनहान बंधूंच्या भांडवलावर त्याने कंपनी काढली. मग भागीदारांशी बिनसलं. १९०८ मध्ये विल्यम ड्युरंटच्या पाठिंब्याने त्याने मिशिगनमधल्या फ्लिंट गावात दुसरी कंपनी सुरू केली. पण 'चॅम्पियन' या नावाचा हक्क स्ट्रॅनहान बंधूंकडे राहिला. म्हणजे ज्याचं आडनाव, त्यालाच ते प्लगवर वापरता येईना! शेवटी १९२२ मध्ये त्याच्या कंपनीने त्याची नुसती आद्याक्षरं घेतली, 'एसी स्पार्क प्लग'. त्यामुळे १९१० च्या आसपासच्या कागदात 'चॅम्पियन' दिसलं, तर पहिला प्रश्न हा, की कुठलं चॅम्पियन? फ्लिंटचं की टोलेडोचं?

आता मुख्य गोष्ट. १९६१ मध्ये फोर्ड कंपनीने 'ऑटोलाइट'चा प्लगचा व्यवसाय विकत घेतला. त्यावर अमेरिकन सरकारने खटला भरला आणि १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अक्षरशः उडालो. त्यात धंद्याचं गुपित सरळ लिहिलंय. प्लग कंपन्या मोटार कारखान्यांना नव्या गाडीसाठीचे प्लग उत्पादन खर्चाला, कधी त्याहूनही कमी किमतीला विकायच्या. का? तर प्लग बदलायची वेळ आली की मेकॅनिक बहुतेक वेळा आधी जो ब्रँड होता तोच परत टाकतो. पहिला प्लग तोट्यात गेला तरी चालेल, नफा पुढच्या प्लगवर काढायचा.

थोडक्यात, माझं "कंपनीचाच टाका" हे उत्तर कंपन्यांच्या हिशेबात आधीपासूनच धरलेलं होतं.

त्याच निकालातले आकडे बघा. चॅम्पियनचा बाजारातला वाटा १९६० मध्ये जवळपास ५० टक्के होता. १९६४ मध्ये तो ४० च्या खाली आला आणि १९६६ मध्ये साधारण ३३ टक्क्यांवर. आता कुणी या आकड्यांवरून "चॅम्पियनचा दर्जा घसरला" असं लिहिलं तर? वाचायला पटतं, पण आकडे तसं म्हणतच नाहीत. मधल्या काळात फोर्डसारखं मोठं गिऱ्हाईक स्वतःच प्लगच्या धंद्यात उतरलं होतं. बाजारातला वाटा आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्टाने फोर्डला ऑटोलाइटचा कारखाना आणि नाव दोन्ही सोडायला लावलं, १० वर्षं प्लग बनवायला बंदी केली, आणि ५ वर्षं प्लगवर स्वतःचं नाव टाकायचं नाही असंही बजावलं. नावाची ताकद कोर्टाने किती ओळखली होती बघा.

मग चांगला प्लग म्हणजे काय? इंजिनाला विचारा. थ्रेडचा व्यास आणि लांबी, गॅप आणि हीट रेंज, एवढं आधी जुळायला हवं. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते. ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायचा धोका. हीट रेंज दाखवणारा आकडाही सगळीकडे एका अर्थाचा नाही. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग 'थंड', आजच्या बॉशमध्ये आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की 'गरम'. नुसता आकडा बघून ब्रँड बदलला तर घोटाळा ठरलेला.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली, तीच मायको. २००८ मध्ये ती बॉश लिमिटेड झाली. पण नाशिकला रिक्षावाल्या दादांना विचारा, ते 'मायको सर्कल'च म्हणणार. जुन्या कागदपत्रांत हे कारखाने शोधायचे असतील तर 'बॉश'बरोबर 'मायको'ही शोधा, नाहीतर निम्मा इतिहास हातातून जाईल.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? माझ्या पहिल्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'सर्वोत्तम' हा शब्द होता. कमिटीतल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "सर्वोत्तम कुणी ठरवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला, सहा महिने गेले. तेव्हा खूप राग आला होता. आज वाटतं, तो प्रश्न व्हायवाच्या दिवशी आला असता तर?

तर आज एक काम करा. तुमचा सिनॉप्सिस काढा आणि 'चांगला', 'प्रभावी', 'यशस्वी', 'लोकप्रिय' असे शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. प्रत्येक शब्दाशेजारी लिहा: कुणी ठरवलं, कशाच्या मापाने, आणि त्यात कुणाचा फायदा होता? जाहिरातीत 'उत्तम' लिहिलेलं असतंच, पण किंमत आणि हिशेब बऱ्याचदा कोर्टाच्या कागदात सापडतात. तिकडेही शोधा.

बाकी, माझ्या गाडीत कंपनीचाच प्लग बसलाय आणि ती मस्त चालतेय. फक्त या वेळी आधी मॅन्युअल उघडून नंबर बघितला.