चिखलातली नांगरणी आणि जांभ्याचा इतिहास

रत्नागिरीत येणाऱ्या शैक्षणिक सहली थिबा राजवाडा, लोकमान्यांचं जन्मस्थान आणि गणपतीपुळे पाहून परततात, आणि त्या येतात बहुधा डिसेंबर-जानेवारीत. साहजिकच जुलै-ऑगस्टमध्ये संगमेश्वर, लांजा, चिपळूण भागात रंगणाऱ्या नांगरणी स्पर्धा विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडत नाहीत. चिखल केलेल्या मळ्यात आखलेल्या मार्गावरून बैलजोडी सुसाट निघते, जोत धरलेला गडी तोल सावरत मागे पळतो, बांधावर सारा गाव ओरडत असतो आणि वेळ सेकंदांत मोजली जाते. गावठी आणि घाटी बैलांचे गट वेगळे असतात. या उत्सवाला घाटावरच्या बैलगाडा शर्यतीची पावसाळी नक्कल समजणं चूक आहे. त्याचं मूळ इथल्या जमिनीत आहे, आणि ती जमीन ज्वालामुखीच्या खडकातून आली आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. कोकणच्या उष्ण, दमट हवेत आणि मुसळधार पावसात तो दीर्घकाळ कुजत गेला. विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि जांभा बनला. त्याचे विस्तीर्ण सडे, म्हणजे उघडे कातळमाथे, पिकाला माती देत नाहीत; तिथे माणसाने चित्रं कोरली. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. इतर सड्यांवर गेंडा, वाघ, मासे, माणसं दिसतात, पण या कातळशिल्पांत शेतीकामाचं चित्र अभ्यासकांना आढळलेलं नाही. भातशेती उभी राहिली ती सड्याखालच्या खोलगट भागात आणि उतारावरच्या लहान कुणग्यांत, म्हणजे भातखाचरांत. जांभ्याच्या मातीत पाणी टिकत नाही. ते धरून ठेवायचं तर चिखलणी करून तळाची माती घट्ट बसवावी लागते. पाऊस हाताशी असेपर्यंतच चिखलणी आणि लावणी उरकायची असते. चिंचोळ्या कुणग्यात चटकन वळणारी, चिखलात न रुतणारी जोडी आणि ती हाकणारा कसबी गडी यांना म्हणूनच मोल आलं. कोकणातल्या बुटक्या, काटक, कमी चाऱ्यावर तगणाऱ्या गावठी गुरांना २०१८ मध्ये ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, ती याच निवडीची पावती म्हणता येईल.

यावर कुणी म्हणेल की चिखलणी तर भात पिकतो तिथे सगळीकडेच होते. खरं आहे. पण चिखलातल्या जनावरांच्या शर्यतींचा नकाशा पाहा. किनारी कर्नाटकात कंबळ आहे, मलबारात काळपूट्ट आहे, आणि हे दोन्ही प्रदेश याच जांभ्याच्या, अतिवृष्टीच्या पट्ट्यात येतात. उलट पुणे जिल्ह्यातला बैलगाडा कोरड्या, चढाच्या घाटात धावतो. दुसरा आक्षेप असा, की घड्याळ, ढाल आणि रोख बक्षिसं ही अलीकडची भर आहे. तेही मान्य. मात्र घड्याळाने मोजलं जाणारं कसब जुनंच आहे; ते लावणीच्या घाईत घडलं.

सर्वात गंभीर आक्षेप क्रौर्याचा आहे, आणि परंपरेचं नाव घेऊन तो टाळता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बैलांना इजा होऊ न देण्याच्या या अटी खेळाच्या मूळ अर्थाशी सुसंगतच आहेत. ज्या जोडीवर घरचं वर्षभराचं भात अवलंबून असे, तिला जखमी करणं शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. आज चिखलणी पॉवर टिलर करतो. कामाचा आधार सुटलेला खेळ निव्वळ ईर्ष्येकडे झुकू शकतो. म्हणून त्याचा इतिहास ठाऊक असणं आता अधिक गरजेचं आहे. शाळांनी एक तरी सहल पावसाळ्यात काढावी. सकाळी मुलांना जांभ्याचा सडा आणि त्याखालचे कुणगे दाखवावेत, दुपारी नांगरणी. सड्यावरून खाली उतरलेल्या मुलाला बांधावर उभं राहिल्यावर, ही जोडी इतक्या चपळाईने का वळते, हे वेगळं सांगावं लागणार नाही.