ब्रिटनमधला ‘आयआर ३५’ नियम काय आहे? कंत्राटदार त्याला का घाबरतात?

कागदावर कंत्राटदार, प्रत्यक्षात नोकरदार. ब्रिटनमध्ये अशा छुप्या नोकरीला आळा घालणारा करनियम म्हणजे ‘आयआर ३५’. १९९९ च्या एका सरकारी प्रसिद्धिपत्रकाच्या क्रमांकावरून हे नाव पडलं. एप्रिल २००० पासून तो लागू आहे. स्वतःची एकट्याची कंपनी काढली की पगाराऐवजी लाभांश घेता येतो आणि कर कमी बसतो, ही त्यामागची तक्रार.

काम कसं करायचं हे कोण ठरवतं? स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवता येतं का? अशा गोष्टी पाहून निर्णय होतो. पूर्वी तो कंत्राटदाराचीच कंपनी घ्यायची. सरकारी क्षेत्रात २०१७ पासून आणि मध्यम व मोठ्या खासगी कंपन्यांत एप्रिल २०२१ पासून तो काम देणाऱ्याकडे गेला.

खरी धास्ती इथेच आहे. चुकलं तर कर आपल्या गळ्यात पडेल, म्हणून काही कंपन्यांनी एकेकाचं काम न तपासता सरसकट सगळ्यांना नोकरदार ठरवलं. त्यात कर नोकरदारासारखा कापला जातो, पण भरपगारी रजेसारखे हक्क आपोआप मिळत नाहीत. म्हणजे नोकरदार, पण करापुरताच!

सप्टेंबर २०२२ मध्ये अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी २०१७ आणि २०२१ चे बदल रद्द करण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी ती मागे घेतली.