आठवा ल्यूपँ आणि लब्लाँचे वारस

३ ऑक्टोबर १९८१ रोजी फ्रान्सच्या एफआर-३ वाहिनीवर 'युलिस ३१' ही कार्टून मालिका सुरू झाली. होमरचा ओडिसियस उचलायचा, थेट एकतिसाव्या शतकात नेऊन ठेवायचा आणि त्याच्या गलबताचं अंतराळयान करायचं, अशी ही कल्पना. एकूण भाग २६. कल्पना पॅरिसच्या 'डिक' या कंपनीची, चित्रांकन टोकियो मूव्ही शिन्शा या जपानी स्टुडिओचं. पात्रांची रूपं शिंगो अराकी या जपानी चित्रकाराची, संगीतकारांत शुकी लेवी आणि हाइम साबान. फ्रेंच कथा आणि जपानी हात ही जोडी जमून गेली होती.

याच जोडीने १९८२ मध्ये दुसरं काम हाती घेतलं. जुना नायक घ्यायचा आणि भविष्यात धाडायचा, ही युक्ती तीच. फक्त या वेळचा नायक टोकियो मूव्हीच्या घरचाच होता. मंकी पंच या चित्रकाराचा 'ल्यूपँ तिसरा', म्हणजे लांब हातापायांचा, बायकांमागे धावणारा, हसतहसत तिजोऱ्या फोडणारा चोर. त्याच्या पाच पिढ्या पुढचा वंशज बाविसाव्या शतकात अंतराळात वावरणार होता. सोबतीला नेमबाज जिगेन, तलवारबहाद्दर गोएमोन, फुजिको आणि पाठलागाला कधीच न थकणारा पोलीस अधिकारी झेनिगाता, या सगळ्यांचेही वंशज. नाव 'ल्यूपँ आठवा'. दिग्दर्शक रिनतारो. 'कॅप्टन हार्लॉक' आणि १९७९ चा 'गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९' हा चित्रपट केलेल्या माणसाला अंतराळ काही नवं नव्हतं. ही मालिका कुठल्याही वाहिनीवर कधीच लागली नाही.

बंद पडलेल्या कामाभोवती दंतकथा लवकर जमतात. कुणी म्हणतं कल्पनाच फसली होती, कुणी म्हणतं मूळ चाहत्यांना ती रुचली नसती. दंतकथा बाजूला ठेवून हाताशी असलेल्या गोष्टी तारीखवार लावल्या तर काय दिसतं? मालिकेचा एक भाग उरला आहे. त्याच्या आजूबाजूला त्याच स्टुडिओची इतर कामं, त्यांच्या प्रसारणाच्या तारखा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे एका फ्रेंच मासिकाचे अंक आणि फ्रेंच लेखनहक्काचा कायदा आहे. एवढ्यावर बरंच जुळवता येतं.

आधी आकड्याचं पाहू. तिसऱ्यानंतर एकदम आठवा का? मूळ आर्सेन ल्यूपँचा जनक मोरिस लब्लाँ. १९२४ च्या 'ला कोंतेस द कालिओस्त्रो' या कादंबरीत त्याने १८९४ सालचा वीस वर्षांचा ल्यूपँ दाखवला आहे, म्हणजे जन्म १८७४ चा. मंकी पंचचा तिसरा ल्यूपँ त्याचा नातू. तो १९६७ मध्ये तिशीच्या आसपासचा वाटतो, म्हणजे एका पिढीला साधारण तीस वर्षं पडली. याच मापाने पुढे पाच पिढ्या मोजल्या की आठवा ल्यूपँ २१०० नंतरच्या दोन-तीन दशकांत ऐन उमेदीत येतो, बाविसाव्या शतकात अगदी चपखल. लेखकांनी असा हिशेब मांडला असेलच असं नाही, पण आकडा हवेतला नव्हता एवढं नक्की. शिवाय त्यातून दिसतं की वंशावळ हाच या कल्पनेचा कणा होता. आणि वंशावळीचं मूळ पॅरिसमध्ये होतं.

दुसरा बदल जास्त बोलका आहे. आठव्याला चोर न ठेवता खाजगी गुप्तहेर केलं होतं. मुलांच्या वेळेत दाखवायच्या मालिकेत चोर नायक नको, हे कारण उघड आहे. मूळ व्यक्तिरेखेचा हा सरळसरळ बळी असं चाहते म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. लब्लाँने स्वतः १९२८ मध्ये 'लाजाँस बार्नेत ए सी' हा कथासंग्रह काढला. त्यात जिम बार्नेत नावाने ल्यूपँ गुप्तहेर कचेरी चालवतो. पाटीवर फुकट चौकशी, आणि प्रकरण मिटलं की अशिलाचा किंवा गुन्हेगाराचा ऐवज गुपचूप बार्नेतच्या खिशात. म्हणजे गुप्तहेर ल्यूपँ ही फ्रेंच वाचकाला खटकणारी गोष्ट नव्हती, उलट ओळखीची होती. खटकला असता तो जपानी प्रेक्षकाला. त्याने १९७७ ते १९८० या तीन वर्षांत तिसऱ्या ल्यूपँच्या दुसऱ्या मालिकेचे १५५ भाग पाहिले होते आणि त्यातला ल्यूपँ चोरच होता. आठवा ल्यूपँ टोकियोत चितारला गेला, पण डोळ्यासमोर प्रेक्षक पॅरिसचा होता.

इथेच गोम आहे. जपानमध्ये हे नाव पंधरा वर्षं राजरोस चाललं होतं. हॉक्काइदोच्या हामानाकात १९३७ साली जन्मलेला काझुहिको कातो, म्हणजेच मंकी पंच, याने ऑगस्ट १९६७ मध्ये 'वीकली मांगा अॅक्शन'च्या पहिल्या अंकापासून आपला ल्यूपँ काढायला घेतला. लब्लाँच्या गोष्टी, जेम्स बाँडचे चित्रपट, अमेरिकन 'मॅड' मासिकातली रेखाटनं, सगळ्याचं मिश्रण. 'तिसरा' ही शेपटी लावली की हा नातू झाला, आजोबा नव्हे. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्याची पहिली टीव्ही मालिका आली, १९७८ आणि १९७९ च्या डिसेंबरांत दोन चित्रपट आले. दुसरा चित्रपट 'कालिओस्त्रोचा किल्ला', हायाओ मियाझाकीचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याचं नावसुद्धा लब्लाँच्या कादंबरीतून आलेलं.

फ्रान्समध्ये मात्र आजोबांचं घर जागतं होतं. लब्लाँ ६ नोव्हेंबर १९४१ रोजी वारला. तेव्हाच्या फ्रेंच कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं हक्क वारसांकडे राहत, आणि महायुद्धांच्या काळाची भरपाई म्हणून काही वर्षं वर मिळत. म्हणजे अगदी कंजूष हिशेब केला तरी १९८२ साली नऊ वर्षं शिल्लक होती. रवींद्रनाथ ठाकूरही १९४१ मध्येच गेले. त्यांच्या हक्कांची पन्नाशी भरत आली तेव्हा आपल्याकडे कायदा बदलून मुदत साठ वर्षांची केली गेली. मुदत संपण्याच्या सुमारास हक्कदार किती जागरूक असतात हे भारतीय वाचकाला त्यावरून कळावं. शिवाय ११ मार्च १९५७ च्या फ्रेंच कायद्याच्या सहाव्या कलमात लेखकाचा नैतिक हक्क कायमचा मानला होता. पैशाचा हक्क संपला तरी कृतीची मोडतोड झाली असं म्हणायला वारस मोकळे.

या वारसांना नवा ल्यूपँ मुळातच नको होता, असं समजू नये. १९७१ ते १९७४ मध्ये जॉर्ज देक्रिएर याने ल्यूपँची भूमिका केलेली फ्रेंच मालिका टीव्हीवर आली. जपानी मालिका त्याच १९७१ सालची, काही महिने उशिराची. एकाच वर्षात दोन देशांत दोन ल्यूपँ. १९७३ पासून ब्वालो-नार्सजाक या जोडीने रीतसर नव्या ल्यूपँ कादंबऱ्या लिहिल्या. थोडक्यात, दार बंद नव्हतं. दारावर तिकीट होतं. तिकिटाशिवाय आत आलेला पाहुणा जोवर टोकियोत होता तोवर लांबचा होता. फ्रेंच कंपनीने त्याला फ्रेंच वाहिनीसाठी आणायचं ठरवलं, आणि हक्कांचा प्रश्न समोर उभा राहिला. 'युलिस ३१'ला हा प्रश्न पडलाच नाही, कारण होमरला हक्क मागणारे वारस नव्हते.

यातला खरा विनोद मासिकांच्या जुन्या अंकांत आहे. ल्यूपँची पहिली कथा 'झ से तू' या मासिकाच्या जुलै १९०५ च्या अंकात आली. पुढच्याच वर्षी, जून १९०६ मध्ये, त्याच मासिकात लब्लाँने ल्यूपँसमोर साक्षात शेरलॉक होम्सला उभं केलं. परवानगी नाही, विचारणा नाही. आर्थर कॉनन डॉयलने हरकत घेतली, आणि पुस्तकरूपात येताना होम्सचं नाव बदललं. बदललं म्हणजे काय केलं, तर आडनावाचं पहिलं अक्षर नावाला आणि नावाचं आडनावाला लावून दिलं: हर्लॉक शोल्मेस. १९०८ मध्ये या नावाने अख्खं पुस्तक निघालं. लंडनचा गुप्तहेर, पाइप, सोबती, सगळं तसंच. अक्षरं तेवढी हललेली. मंकी पंचने १९६७ मध्ये लब्लाँशी जे केलं, ते लब्लाँने १९०६ मध्ये डॉयलशी करून झालं होतं. फरक इतकाच, की लब्लाँने अक्षरं हलवली आणि मंकी पंचने आकडा जोडला. अक्षरं हलवण्याचा उपाय टिकाऊ निघाला.

टोकियो मूव्हीला हे होम्सच्याच बाजूनेही भोगावं लागलं, तेही जवळजवळ त्याच काळात. १९८१ मध्ये त्यांनी इटलीच्या राय या वाहिनीबरोबर होम्सची मालिका सुरू केली. सगळी पात्रं कुत्र्यांची, सहा भाग मियाझाकीचे. तीही डॉयलच्या हक्कांवरून अडली. डॉयल १९३० मध्ये वारला होता, पन्नास वर्षं नुकतीच भरली होती, तरीही अडली. मार्च १९८४ मध्ये यातले दोन भाग 'नौसिका' या चित्रपटाबरोबर चित्रपटगृहात दाखवले गेले, तेव्हा काही नावं बदललेली होती. मालकीणबाई मिसेस हडसनच्या जागी मिसेस एलिसन आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मालिका टीव्ही आसाहीवर लागली आणि २६ भाग पूर्ण झाले. एकाच स्टुडिओच्या दोन परदेशी भागीदाऱ्या, दोन्ही जुन्या गुन्हेकथांवर, दोन्ही वारसांपाशी थबकलेल्या. एक वाचली, एक गेली.

का वाचली? माझ्या मते उत्तर नावाच्या ओझ्यात आहे. होम्सच्या मालिकेतून मिसेस हडसन काढली तरी फारसं बिघडत नव्हतं, आणि वेळही वारसांच्या विरोधात सरकत होती. आठव्या ल्यूपँमध्ये शतक बदललं होतं, धंदा बदलला होता, पृथ्वीसुद्धा मागे पडली होती. एक नाव तेवढं तसंच होतं, आणि तेच काढलं तर मागे अंतराळातला कुणीतरी एक गुप्तहेर उरला असता. 'आठवा' म्हणायला आधीचे सात लागतात.

आणि तरीही नाव काढून काम भागतं हे फ्रेंच टीव्हीने लवकरच दाखवून दिलं. १९८५ मध्ये एफआर-३ वर जुनी दुसरी ल्यूपँ मालिका लागली ती 'एडगर, ल देतेक्तिव्ह कांब्रियोलर' या नावाने. नायक एडगर द ला कांब्रियोल. आजोबांचा पत्ताच नाही, लब्लाँशी नातं नाही, भांडणही नाही. फ्रेंच मुलांची एक अख्खी पिढी त्याला एडगर म्हणूनच ओळखत मोठी झाली. अमेरिकेत १९८३ मध्ये स्टर्न कंपनीने दोन्ही ल्यूपँ चित्रपटांची दृश्यं कापून 'क्लिफ हँगर' हा लेझर डिस्कचा खेळ बाजारात आणला. तिथे नाणं टाकल्यावर किल्ल्याच्या कौलांवरून धावणारा तोच ल्यूपँ दिसे, पण त्याचं नाव क्लिफ. पुढे एका इंग्रजी डबिंगमध्ये तो वुल्फ झाला, दुसऱ्या कंपनीच्या आवृत्तीत 'रुपान'. चोराला बनावट नावं शोभतातच म्हणा. तयार चित्रपटाला नवं नाव चिकटवता येतं, कारण काम आधीच उभं असतं. आठवा ल्यूपँ अजून उभाच राहत होता.

डिकने १९८३ मध्ये 'इन्स्पेक्टर गॅजेट' आणला. नायक गुप्तहेर, अंगभर यंत्रं, चित्रांकनात टोकियो मूव्हीचाही हात, आणि व्यक्तिरेखा संपूर्ण घरची. आठव्या ल्यूपँमधून गॅजेट निघाला असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण दोन्ही लागोपाठ ठेवून पाहिले की कंपनीने कुठला धडा घेतला असावा याचा अंदाज येतो. टोकियो मूव्हीने वेगळा रस्ता धरला. मार्च १९८४ मध्ये तिसरी मालिका सुरू झाली, अंगावर गुलाबी कोट, भाग ५०, काळ तेव्हा चालू असलेल्या विसाव्या शतकाचा, आणि ल्यूपँ पुन्हा चोर.

मग आपण नेमकं काय गमावलं? फार नाही, असं माझं मत आहे. तिसऱ्या ल्यूपँची गंमत ओळखीच्या जगात आहे: खरी शहरं, खऱ्या गाड्या, खऱ्या बनावटीची पिस्तुलं, आणि त्यात नियम धाब्यावर बसवणारा एक माणूस. सगळंच कल्पित असलेल्या अंतराळात नियम मोडण्याला काय किंमत? ओडिसियस अंतराळात रुळला, कारण त्याचं मूळ जगही राक्षसांचं आणि देवांचंच होतं. रिनतारोने यातून काहीतरी बाहेर काढलं असतं, त्याची ताकद होती. पण गुप्तहेर केलेल्या चोराला घेऊन त्याला फार लांब जाता आलं असतं असं वाटत नाही.

उरलेला भाग २०१२ मध्ये जपानात 'मास्टर फाइल' या संग्रहातून प्रेक्षकांपुढे आला. योगायोग असा की लब्लाँचं लेखन फ्रान्समध्ये हक्कमुक्त झालं तेही १ जानेवारी २०१२ रोजी, कारण मधल्या काळात मुदत सत्तर वर्षांची झाली होती. या दोन तारखा एकमेकींना जोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. संग्रह निघाला तो १९७१ च्या पहिल्या मालिकेला चाळीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने, आणि निघाला तो जपानमध्ये. आणि तिथे तर ल्यूपँचं नाव लावायला कुणी कधी थांबलंच नव्हतं.