बदकांचा आहार आणि पैदास
पाळीव बदकांना मिळणाऱ्या खाद्याचा त्यांची अंडी, त्या अंड्यांची फलितता आणि त्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण यांवर होणारा परिणाम. मादीने वर्षाकाठी किती अंडी घातली एवढ्यावरून आहाराची परीक्षा पुरी होत नाही. खाकी कॅम्पबेल जातीची मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. पैदाशीच्या कळपात मात्र ते अंडे फलित निघावे लागते, २८ दिवस (मस्कोव्ही बदकात ३५) उबवणीत टिकावे लागते आणि शेवटी पिल्लाला कवच फोडण्याचे बळ लागते. उबवणीच्या काळात गर्भाला बाहेरून ऊब आणि हवा एवढेच मिळते. बाकीची शिदोरी आईने आधीच अंड्यात बांधून दिलेली असते. म्हणून टोपल्या भरून अंडी देणाऱ्या कळपातली जीवनसत्त्वांची उणीव उबवणी यंत्रातच उघडी पडते. सातव्या दिवशी अंडे दिव्यासमोर धरले की जिवंत गर्भाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. गर्भ दगावला असेल तर नुसते रक्ताचे कडे दिसते. ब जीवनसत्त्वांपैकी रिबोफ्लेविन कमी पडले की गर्भ दगावलेली अशी अंडी वाढतात. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांच्या अभावी पिल्ले निघण्याचे प्रमाण घटतेच, शिवाय नरांची फलनक्षमताही खालावते.

आहार आणि अंडी यांच्या या नात्याचे केरळातील कुट्टनाड हे बोलके उदाहरण आहे. समुद्रसपाटीखालच्या तिथल्या भातखाचरांत कापणीनंतर ‘चारा’ आणि ‘चेंबल्ली’ या देशी बदकांचे कळप सोडतात. गळलेल्या भाताने ऊर्जा मिळते, किडे आणि लहान मासे प्रथिने देतात, गोगलगायींच्या शंखातून कवचाला चुना मिळतो आणि हिरव्या पाणवनस्पतींमुळे बलक केशरी होतो. दोन कापण्यांच्या मधल्या काळात कळपाला ताडवर्गीय झाडाचा पिठूळ गाभा चारण्याची रीत आहे. त्यात पिष्ट भरपूर, प्रथिने नगण्य. बदकाचे पोट भरते, पण अंड्याला लागणारे त्यात फारसे काही नसते.

बंदिस्त पालनात अंड्यावरील बदकांच्या खाद्यात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिने आणि ३ टक्के कॅल्शियम ठेवतात. कोंबडीचेच खाद्य बदकापुढे टाकण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. ती मोडायला हवी. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायसिन हे ब जीवनसत्त्व तयार करण्याची बदकाची ताकद कोंबडीच्या मानाने तोकडी असल्याने त्याला खाद्याच्या किलोमागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते. मक्यातले नायसिन बद्ध स्वरूपात असल्याने अंगी लागत नाही. उणीव राहिली तर पिल्लांचे पाय वाकतात. काही गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांत थायामिन हे ब जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. असे मासे उकडून घालावेत.

सर्वांत मोठा धोका बुरशीचा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, बदकांची पिल्लेही मेली. दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीत निघाला आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. बदकाचे पिल्लू या विषाला इतके हळवे असते की पुढे एका दिवसाची पिल्लेच विषाच्या चाचणीसाठी वापरली गेली. बलकाचा कच्चा माल यकृतात बनतो, आणि हे विष घाव घालते ते यकृतावरच. पावसाळ्यात ओल लागलेली पेंड किंवा मका स्वस्त मिळाला तरी पैदाशीच्या कळपाला घालू नये.

उपासमारीइतकेच अति खाणेही घातक. पेकिनसारख्या मांसल जातींना वाढीच्या काळात मोकाट खाऊ दिले तर चरबी साठून फलितता घटते, म्हणून त्यांना दर आठवड्याला वजन करून बेताचे खाद्य देतात. प्यायचे पाणी मात्र चोच पूर्ण बुडेल इतके खोल हवे. कोरडा भरडा घशात चिकटतो.

एका बलकाची मुख्य वाढ आठवडा-दीड आठवडा चालते. त्यामुळे उबवणीसाठी अंडी गोळा करण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच चांगले खाद्य सुरू करावे लागते. ६५ ग्रॅमच्या अंड्याला सहा-सात ग्रॅम कवच असते आणि ते बहुतांशी रात्री घडते. बदक अंडे घालते पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत. शिंपल्यांचा जाडसर चुरा संध्याकाळी ठेवावा तो यासाठीच.