खेडा जिल्ह्याच्या दुधाचा हिशोब

शेतमालाविषयी बोलताना आपण भावाची चर्चा पुष्कळ करतो. मात्र तो माल विकण्यासाठी शेतकऱ्याला पडणारा खर्च आपल्या हिशोबात येत नाही. या दृष्टीने गुजरातमधील खेडा जिल्ह्याचा इतिहास पुन्हा वाचण्यासारखा आहे.

१९४५ साली तत्कालीन मुंबई सरकारने मुंबई शहरासाठी दूध योजना सुरू केली. आणंदहून चारशेहून अधिक किलोमीटर दूध पाठविण्याचे काम पोल्सन या खासगी कंपनीकडे गेले. शेतकऱ्याचा भाव मात्र मधल्या ठेकेदाराच्या मर्जीवर राहिला. कारण उघड होते. एक-दोन म्हशी बाळगणाऱ्याजवळ विकायला जेमतेम दोन-चार लिटर दूध. ते घेऊन स्वतः आणंदला जावे तर दिवस मोडतो, घरी ठेवावे तर दूध नासते, आणि स्निग्धांश तपासण्याचे साधन हाताशी नाही. असा विक्रेता घासाघीस कशाच्या बळावर करणार?

शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. त्यांनी मोरारजी देसाईंना पाठविले. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा होऊन गावोगावी सोसायट्या व त्यांचा जिल्हा संघ स्थापण्याचे ठरले. सरकारने संघाकडून दूध घेण्यास नकार दिला, तेव्हा शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध बंद ठेवले. अखेर सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखालील संघाची नोंदणी झाली.

संप सर्वांना आठवतो. परंतु संघ टिकला तो त्यानंतरच्या रोजच्या कामामुळे. १९४८ मध्ये दोन सोसायट्या आणि दिवसाला सुमारे अडीचशे लिटर दूध एवढ्यावर आरंभ झाला. गावातच सकाळ-संध्याकाळ संकलन, प्रत्येकाच्या दुधाचे माप, स्निग्धांशाची तपासणी, त्यानुसार पैसे, आणि साऱ्या गावाचे दूध एकत्र वाहून नेणे, अशी ही पद्धत पुढे रुजली. शंभर घरांच्या शंभर खेपा आणि शंभर वाटाघाटी यांच्या जागी एक खेप व एक वाटाघाट आली. खर्च वाटला गेला, आणि शेतकऱ्याला आपले माप डोळ्यांनी पाहता येऊ लागले.

२००२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना मान्यता मिळाली. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार उत्पादक संघटनांची योजना आखली. नोंदणीचे आकडे मोजणे आम्हा प्रशासकांना सोपे जाते. पण खेड्याचा धडा वेगळा आहे. संघटनेची खरी परीक्षा नोंदणीच्या दाखल्यावर होत नाही. ती रोज सकाळी, गावातल्या मापापाशी होते.