ग्रंथ, पडदा आणि प्रदेश : सातारा-सांगली परिसरातील काही जोड्या

साहित्यकृतीवरून निर्माण झालेल्या चित्रपटाचा विचार मराठी समीक्षेत बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो. चित्रपट मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला, हा तो प्रश्न. त्यात मूळ कृतीचे श्रेष्ठत्व गृहीत धरलेले असते आणि चित्रपटाला दुय्यम प्रत ठरवलेले असते. याहून निराळा आणि इतिहासदृष्ट्या अधिक फलदायी प्रश्न असा विचारता येईल : एखाद्या प्रदेशाचा अनुभव ग्रंथातून पडद्यावर जातो तेव्हा त्यातले काय गळते आणि काय नव्याने मिळते? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांशी निगडित असलेले काही ग्रंथ व चित्रपट एकमेकांशेजारी ठेवून हा प्रश्न तपासण्याचा येथे प्रयत्न आहे. जिज्ञासू वाचकाला त्यातून वाचण्या-पाहण्याची एक वाटही सापडावी, अशी अपेक्षा आहे.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यामागे कारण आहे. स्वातंत्र्योत्तर काळात संस्थाने विलीन झाल्यावर, १९४९ मध्ये, जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. औंध संस्थानाची राजधानी साताऱ्यात राहिली, त्याच संस्थानातली आटपाडी सांगलीकडे गेली. प्रशासनाने आखलेली ही रेषा लेखकांच्या अनुभवाला ठाऊक नव्हती. त्यामुळे येथील वाङ्मयाचा विचार ती रेषा पुसूनच करावा लागतो.

१.

पहिली जोडी एका विषयाची आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. सांगलीजवळच्याच समडोळी येथे जन्मलेले आणि पुढे साताऱ्यातील कोरेगावी राहून लेखन करणारे नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून प्रभात कंपनीने १९३७ मध्ये 'कुंकू' हा चित्रपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचे होते. दोन्ही कृतींचा विषय जरठ-कुमारी विवाह हाच. अडतीस वर्षांच्या अंतराने हा विषय कोणत्या बाजूने पाहिला गेला, हे मात्र लक्षणीय आहे.

'शारदा'मध्ये वृद्ध भुजंगनाथाशी होऊ घातलेले लग्न सगोत्रतेच्या कारणाने मोडते. म्हणजे मुलीची सुटका शास्त्राच्या आधाराने होते. तिच्या दुःखाला पदांतून वाचा मिळते. पण विवाहाचा निर्णय तिच्या हाती येत नाही. 'कुंकू'मधील नीरेचे लग्न आरंभीच उरकलेले असते. शास्त्राने आता तिच्यासाठी करण्यासारखे काही उरलेले नाही. विधीने लादलेला पती मी पती मानणार नाही, हा तिचा स्वतःचा नकार हेच कथानकाचे चालक तत्त्व बनते. शांता आपटे यांच्या चेहऱ्यावर, चालण्यात आणि आवाजात हा नकार ज्या रीतीने उमटतो, ती चित्रपट-माध्यमाने या विषयात घातलेली खरी भर होय.

'कुंकू'चा शेवट मात्र विचारात पाडणारा आहे. काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो आणि ते आत्महत्या करून नीरेला मोकळे करतात. शास्त्राच्या जागी येथे हृदयपरिवर्तन आले आहे. या दोन कृतींच्या मधल्या काळात, १९२९ मध्ये, बालविवाह-प्रतिबंधक कायदा झाला होता. त्याचे 'शारदा कायदा' हे रूढ नाव देवलांच्या नाटकावरून आले नसून हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले आहे. हा कायदा जरठविवाहाचा नव्हे, वयोमर्यादेचा होता. परंतु विवाह हा खाजगी धर्मविधी नसून सार्वजनिक विचाराचा विषय आहे, हे त्याने प्रस्थापित केले होते. पडद्यावर हा सार्वजनिक पदर पार्श्वभूमीला जातो आणि एका व्यक्तीची सद्‌सद्‌विवेकबुद्धी निर्णायक ठरते. याच आपट्यांच्या कथेवरून बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये कोल्हापुरात 'सावकारी पाश' हा मूकपट केला होता. जमीन गमावलेला शेतकरी शहराच्या वाटेला लागतो, हे त्यातले कथासूत्र एका व्यक्तीच्या सद्बुद्धीने सुटणारे नव्हते. त्या मूकपटाची प्रत आज पाहावयास मिळत नाही. आपल्या दृश्य-परंपरेतील हा दुवा निखळल्याचे दुःख म्हणूनच अधिक आहे.

२.

संस्था गळून व्यक्ती उरणे ही प्रक्रिया सर्वांत स्पष्ट दिसते ती औंधच्या बाबतीत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली आपली सत्ता प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना स्वीकारली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा या प्रयोगांत महत्त्वाचा वाटा होता. येथे कैदी शेती करीत आणि आपल्या कुटुंबासह राहत. तुरुंगाची भिंत काढून टाकण्याचा हा विचार एकट्यादुकट्याच्या करुणेतून आलेला नव्हता. संपूर्ण राज्यव्यवस्था विश्वासावर उभी करू पाहणाऱ्या रचनेचा तो एक भाग होता.

या वसाहतीवरून गदिमांनी कथा रचली आणि शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' निर्माण केला. गदिमा मूळचे आटपाडी भागातले. औंधच्या राजाविषयी त्यांनी जिव्हाळ्याने लिहिलेही आहे. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, पुढल्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवातही गौरव झाला. त्याचे दृश्यसामर्थ्य आजही ओसरलेले नाही. ओसाड माळावर सहा खुनी आणि एक जेलर, ही कल्पनाच नाट्यपूर्ण आहे. तथापि, चित्रपटात औंध नाही, घटना नाही, पंचायत नाही आणि कैद्यांचा संसारही नाही. प्रयोगाचा सारा भार आदिनाथ या जेलरच्या दोन डोळ्यांवर येतो. अखेरीस तो बैलाशी झुंजताना प्राण देतो आणि त्याचा दृष्टिक्षेपच कैद्यांचा पहारेकरी होऊन राहतो. इतिहासात विश्वास ही एक व्यवस्था होती. चित्रपटात ती एका संताची शक्ती झाली.

कलाकृती म्हणून चित्रपटाला याचा दोष देता येणार नाही. मिथक घडवणे हा कलेचा अधिकार आहे. पण केवळ चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाला हे सारे असामान्य माणसाविना अशक्य वाटेल, आणि औंधचा अनुभव तर सामान्य माणसांवर टाकलेल्या जबाबदारीचा होता. म्हणून या चित्रपटासोबत इंदिरा रॉदरमुंड यांचा औंध-प्रयोगावरील १९८३ चा इंग्रजी ग्रंथ आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी आपल्या वडिलांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक आवर्जून वाचावे.

३.

वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या जितक्या कृती पडद्यावर गेल्या, तितक्या या परिसरातील फार थोड्या लेखकांच्या गेल्या असतील. 'वैजयंता' (१९६१), 'फकिरा' (१९६३), 'वारणेचा वाघ' (१९७०) हे चित्रपट कादंबऱ्यांचीच नावे घेऊन आले. इतरांची नावे मात्र बदलली, आणि हे नामांतर बोलके आहे. 'आवडी'चे 'टिळा लावते मी रक्ताचा' झाले, 'माकडीचा माळ'चे 'डोंगरची मैना', 'चिखलातील कमळ'चे 'मुरळी मल्हारीरायाची' आणि 'अलगूज'चे 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा'. मूळ नावांत एक व्यक्ती आहे, एक जागा आहे, एक प्रतिमा आहे, एक वाद्य आहे. बदललेल्या नावांत लावणीची लय आहे, तमाशापटाच्या प्रेक्षकाला दिलेली हाक आहे. भटक्यांच्या वस्तीचा माळ जाऊन मैना येते. शेवटच्या नावात तर साताऱ्याचा उल्लेख असूनही तो प्रदेशाचा राहत नाही, रंगेलपणाचा शिक्का होतो.

अण्णा भाऊ स्वतः तमाशा आणि लोकनाट्याच्या परंपरेतले होते. तेव्हा तमाशाशी त्यांचे वैर होते असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न निवडीचा आहे. १९५९ च्या 'फकिरा'त एका शूराची कथा आहे, तशीच एका समाजाला गुन्हेगार ठरवून हजेरीला बांधणाऱ्या कायद्याचीही आहे. दुष्काळात धान्य लुटणे हे येथे व्यक्तीचे साहस नसून उपाशी वस्तीचा निर्णय आहे. ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, हे ध्यानात घेतले की तिचा रोख कळतो. तिला निव्वळ वीरकथा म्हणून वाचणे म्हणजे हजेरीचे पुस्तक नजरेआड करणे होय.

४.

या पार्श्वभूमीवर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि अमोल पालेकरांचा त्याच नावाचा चित्रपट (१९९५) ही जोडी निराळी ठरते. औंध संस्थानातील धनगरवस्तीवर नेमलेला तरुण मास्तर हा कादंबरीचा निवेदक. तो वाडी सुधारायला निघालेला नायक नाही. तो तिच्याकडून शिकतो, तिला पुरता समजूही शकत नाही. सर्वांच्या श्रमातून तालीम उभी राहते, संस्थानाचा राजा वाडीवर येतो. पण दुष्काळापुढे मास्तरचे काही चालत नाही आणि वाडी विखुरते.

निवेदकाचा 'मी' पडद्यावर आणणे अवघड असते. कॅमेरा त्याला बाहेरून दाखवतो आणि तो माळावरच्या माणसांपैकी एक होऊन जातो. येथे ही मर्यादाच गुण ठरली आहे, कारण कादंबरीचा खरा नायक वाडीच आहे. पालेकरांनी तिच्या जागी थोर मास्तर बसवला नाही. हृदयपरिवर्तनाने न सुटणारी गोष्ट त्यांनी न सुटलेलीच ठेवली. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला. त्याचे ऐतिहासिक मोल मात्र या संयमात आहे.

या जोड्यांतून एक सूत्र हाती लागते. शास्त्र, कायदा, घटना, हजेरी, पंचायत या गोष्टींना चेहरा नसतो आणि पडद्याला चेहरा हवा असतो. म्हणून सामूहिक रचनांची जागा व्यक्तीच्या अंतःकरणाने घ्यावी, हा चित्रपटाचा स्वाभाविक ओढा आहे. नीरेच्या बाबतीत या ओढ्याने मोठे काही मिळवून दिले. स्वतंत्रपूरच्या बाबतीत बरेच काही हिरावून घेतले. आजची नवी पिढी या प्रदेशाचा भूतकाळ प्रामुख्याने पडद्यावरून ओळखते. तिला केवळ थोर माणसांच्या सद्भावनेचा वारसा पोहोचला, तर स्वतःची माणसे एकत्र येऊन नियम करू शकतात, जाचक नियम मोडू शकतात आणि नवे घडवू शकतात, हे ती विसरून जाईल. ग्रंथ आणि चित्रपट शेजारी ठेवून वाचण्याची गरज आहे ती याचसाठी; त्यांतला श्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी नव्हे.