मृतांच्या दोन वह्या

आजोबांच्या नावावरचा सातबारा वारसांच्या नावे करून घ्यायचा असला, की महसूल कार्यालयात पहिली मागणी होते ती मृत्यूच्या दाखल्याची. घरची मंडळी मग धर्मग्रामाच्या कचेरीत येतात. कारण आजोबांचा दफनविधी आपल्याच चर्चमध्ये झाला, हे सर्वांना ठाऊक असते. आम्ही वही उघडून उतारा करून देतो. तो घेऊन मंडळी सरकारदरबारी जातात आणि चार दिवसांनी हिरमुसून परत येतात. चर्चचा उतारा पुरावा म्हणून उपयोगी पडतो, परंतु तो मृत्यूचा सरकारी दाखला नव्हे. एक नोंद ख्रिस्तसभेने सुरू केली, दुसरी राज्यसत्तेने. आणि दोघींचे हेतू मुळातच निराळे होते. ते हेतू ध्यानी घेतले, की आपला मृत आप्त कोणत्या दारी सापडेल याचा अदमास बांधता येतो.

यांपैकी आपली वही वयाने वडील. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. मृतांच्या वहीचा नमुना मात्र पोप पाचवे पॉल यांच्या काळात १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथाने घालून दिला. पुढे १९१७च्या धर्मविधिसंहितेने तीच रीत कायम केली: मृताचे नाव, वय, आईवडील वा जोडीदार, मृत्यूची तारीख, कोणती साक्रामेंते कोणाच्या हातून मिळाली, दफन कोठे व केव्हा झाले. मृत्यू कशाने आला, हा रकाना त्या यादीत नाही. माणूस देवाच्या भेटीस कसा गेला, एवढेच त्या वहीला जाणून घ्यायचे होते.

आपल्या भागातील अनेक धर्मग्रामे दीर्घकाळ पोर्तुगीज पाद्रोआदोच्या छायेखाली होती. १८८६ साली ती दमणच्या धर्मप्रांतात गेली, १९२८ नंतर मुंबईकडे आली, आणि १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. म्हणून जुन्या पानांवर पोर्तुगीज वा लॅटिन भाषा भेटते. घरात ज्यांना आपण जुजे, बस्त्याव, इनास, मिंगेल म्हणत आलो, ते तेथे जोझे, सेबास्तियांव, इनासियो आणि मिगेल होऊन बसलेले असतात. नावाच्या या वेषांतराची कल्पना नसली, तर डोळ्यांसमोरची नोंदही दिसत नाही.

सरकारची वही वेगळ्याच चिंतेतून जन्मली. इंग्रजी अमलात माणसे पटकी, देवी आणि तापाने किती मरतात, हे शासनाला जाणून घ्यायचे होते. गावोगाव पाटील-कोतवालांच्या मार्फत जन्ममृत्यूची टिपणे होऊ लागली. महसुली दफ्तरातील गाव नमुना १४ तो हाच. लोक त्याला आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात. त्याची जुनी पाने मोडी लिपीत आहेत आणि ती तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पाहावी लागतात. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ साली हीच पुस्तके एकाएकी राज्यभर गाजली, एरवी त्यांची आठवण कोणाला होती? त्यातील कारणाच्या रकान्यावर मात्र फार विसंबू नये. खेड्यात वैद्यच नसल्यामुळे न उमगलेला बहुतेक आजार ‘ताप’ या एकाच शब्दाखाली लिहिला जाई. रोगाचे नाव अचूक लिहिणे किती मोलाचे असते, हे १८९६ साली मुंबईने अनुभवले. मूळचे गोव्याचे, आपल्याच श्रद्धेचे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागातील रोग्यांना पाहून ही गाठीची साथ म्हणजे प्लेग होय, असे निदान केले. त्या काळात उभारलेले प्लेगचे क्रूस आजही मुंबईच्या गावठाणांत दिसतात.

देशभर एकच कायदा आला तो १९६९ साली, आणि १९७०पासून त्याचा अंमल सुरू झाला. मृत्यूची खबर एकवीस दिवसांत द्यावी, हा त्याचा पाया. त्यातील एक गोष्ट आपल्या कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावी: नोंद होते ती मृत्यू जेथे घडला तेथे, मृत जेथे राहत होता किंवा जेथे पुरला गेला तेथे नव्हे. वसईचा माणूस मुंबईच्या रुग्णालयात वारला आणि गावी त्याचे दफन झाले, तर चर्चच्या वहीत तो गावी सापडेल, सरकारी वहीत मात्र मुंबई महापालिकेकडे. ग्रामपंचायतीत कितीही खेटे घातले तरी तेथे त्याचे नाव मिळणार नाही. शिवाय कचेऱ्यांचीही स्थलांतरे झाली. वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा निघाला. जुनी ग्रामपंचायत पुढे पालिकेत गेली असेल, तर तिचे दफ्तर आता कोठे आहे याची विचारणा आधीच करावी.

अर्ज करताना मृताचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, मृत्यूचे ठिकाण व तारीख द्यावी लागते. शोधाचे शुल्क वर्षागणिक असते. ‘साठ-पासष्टच्या सुमारास’ असे मोघम सांगितले, तर शुल्कही वाढते आणि कारकुनाचा उत्साहही मावळतो. येथे चर्चची वही खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. आधी आमच्याकडून वर्ष आणि महिना निश्चित करून घ्यावा, मग सरकारी दार ठोठवावे. आमच्याकडे दफनाची तारीख ठळक असते, तिकडे मृत्यूची. एकदोन दिवसांचा फरक दिसला म्हणून नोंद दुसऱ्याची समजू नये. शोधूनही काही हाती लागले नाही, तर ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला लेखी मागून घ्यावा. पुष्कळ लोक येथेच निराश होऊन घरी जातात. वास्तविक उशिराच्या नोंदीचा मार्ग याच कागदापासून सुरू होतो. वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होई. ऑक्टोबर २०२३पासून तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. त्यांच्यापुढे चर्चचा दफनाचा उतारा जरूर ठेवावा.

तथापि काही माणसे एका वहीत असतात आणि दुसरीत नसतात, काही दोहोंतही नसतात. समुद्रावर गेलेला कोळी परतला नाही, देह लाभला नाही, तर दफन कशाचे लिहावे? धर्मविधिसंहितेप्रमाणे पतीच्या मृत्यूचा अधिकृत कागद नसेल, तर चौकशी करून बिशप मृत्यू गृहीत धरल्याचे घोषित करतात. केवळ अनुपस्थिती, मग ती कितीही वर्षांची असो, पुरेशी मानली जात नाही. नागरी कायदा सात वर्षे वाट पाहतो. तोवर ती स्त्री विधवा नसते आणि सधवाही नसते.

आणखी एक रिकामी जागा आहे, जिच्याविषयी आपण सहसा बोलत नाही. १९१७च्या संहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला, मरणापूर्वी पश्चात्तापाची चिन्हे दिसली नसतील तर, धार्मिक दफन नाकारले जाई. बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या अर्भकालाही ते लाभत नसे. आमच्या जुन्या वह्या चाळताना ही नावे शोधू नयेत. ती तेथे असण्याचा संभव कमी. १९८३च्या संहितेने आत्महत्येची ती मनाई ठेवली नाही, आणि आईवडील ज्याला बाप्तिस्मा देऊ इच्छीत होते, अशा बालकाच्या दफनविधीची परवानगी स्थानिक धर्माधिकाऱ्यांना देता येते. १९९२च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात तर, आपले जीवन संपवणाऱ्यांसाठी ख्रिस्तसभा प्रार्थना करते, असे स्पष्ट आले आहे.

सरकारच्या वहीने ही माणसे वगळली नाहीत. तिला आत्म्याची चिंता नव्हती म्हणूनच कदाचित. पण कोतवालाने मोजताना पंक्तिप्रपंच केला नाही, हे मान्य करावे लागते. मेलेल्याच जन्मलेल्या बालकाचीही ‘उपजत मृत्यू’ म्हणून आजच्या कायद्याने नोंद होते. त्याच कायद्यात एक दयाळू कलम आहे. मृत्यूच्या नोंदीचा जो उतारा जनतेला मिळतो, त्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. आपल्या घरातील कोणी अशा रीतीने गेले असेल आणि त्याच्या कारणाची चर्चा नको म्हणून आजवर कोणी दाखला मागितला नसेल, तर ती भीती बाळगू नये. त्या कागदावर नाव असेल, तारीख असेल, ठिकाण असेल.

असा उतारा मिळाला, तर तो कचेरीत आणून दाखवावा. नोव्हेंबरच्या मृतस्मरणाच्या मिस्सांसाठी आम्ही नावांची यादी ऑक्टोबरअखेर तयार करतो; तीत नाव घालण्यास साल किती जुने आहे, हे पाहिले जात नाही.